पँथर आणि ओकलंडची मुन्शिपाल्टी

१९७३ सालच्या मे महिन्याची १५ तारीख. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ओकलंड नावाचं शहर आहे, तिथं महापौरपदाच्या शेवटच्या फेरीचं मतदान झालं. दोनच उमेदवार उरले होते. एक जॉन रीडिंग. गोरा, खाद्यपदार्थांच्या धंद्यातला मालक माणूस, सात वर्षांपासून महापौर. दुसरा बॉबी सील. ब्लॅक पँथर पार्टी काढणाऱ्या दोघांतला एक. याच बॉबी सीलला १९६९ साली शिकागोच्या कोर्टात न्यायाधीशाच्या हुकमानं खुर्चीला जखडून, तोंडात बोळा कोंबून बसवलं होतं. गुन्हा काय? माझा वकील मला द्या, नाहीतर माझी बाजू मला मांडू द्या, असं तो पुन्हा पुन्हा उठून सांगत होता. त्याच तोंडानं तो साडेतीन वर्षांनी ओकलंडच्या बसमध्ये चढून उतारूंकडं मत मागत होता. अंगात सूट, गळ्यात टाय.

रीडिंगला ७७ हजारांवर मतं पडली. सीलला ४३ हजारांवर. सील पडला.

दोस्तहो, आपल्या पोरांना ब्लॅक पँथरची काळी जाकिटं, तिरप्या टोप्या आणि बंदुका पाठ आहेत. १९७२ साली मुंबईत आपल्या लोकांनी दलित पँथर काढली ती त्यांचंच नाव घेऊन. पण हे लोक मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरले, मुन्शिपाल्टीला उभे राहिले, हे आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही. बंदुकीचा फोटो भिंतीवर लावता येतो, मतदारयादीचा कोण लावणार? म्हणून ही गोष्ट लिहायला घेतली. पडलेल्या निवडणुकीचा इतिहास लिहायचा नसतो असं कुणी सांगितलं?

आधी एक गोष्ट समजून घ्या. तिकडच्या शहरात लोक तीन गोष्टींसाठी वेगवेगळं मत देतात. महापौर, नगरसेवक आणि शाळा मंडळाचे सदस्य. आपल्याकडं महापौर नगरसेवकच आपल्यातून निवडतात, आणि शाळेच्या कारभाराला तर लोकांचं थेट मतच नाही. तिथं शाळा मंडळ हे स्वतंत्र प्रकरण आहे. शाळांचा पैसा, मास्तरांच्या नेमणुका, नवी शाळा कुठं बांधायची, कोणत्या गल्लीतलं पोरगं कोणत्या शाळेत जाणार, सगळं ते मंडळ ठरवतं. म्हणजे पोराच्या पाटीवरही मतपेटीची सावली पडते.

आता शहर. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड समोरासमोर, मधे खाडी. सॅन फ्रान्सिस्को ही शेठजींची पेढी म्हणा, ओकलंड ही हमालांची गोदी. १८६९ साली अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणारी रेल्वे झाली, तिचं पश्चिमेचं शेवटचं ठाणं ओकलंडला आलं. त्या रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत गोऱ्या उतारूंच्या गाद्या घालणारे, त्यांचे बूट पुसणारे पोर्टर म्हणजे काळे. या पोर्टरांनी १९२५ साली आपली युनियन काढली. तिचा पश्चिमेकडचा म्होरक्या सी. एल. डेलम्स ओकलंडलाच राहायचा. पुढं दुसरं महायुद्ध लागलं, खाडीच्या काठानं जहाजं बांधायचे कारखाने धडाडले, आणि लुईझियाना, टेक्सास, आर्कान्सा इथले काळे कापूस वेचणं सोडून गाड्या भरभरून आले. १९४० साली शहराच्या तीन लाख वस्तीत काळे साडेआठ हजारांच्याही आत होते. १९५० ला ४७ हजारांवर गेले. १९७० साली ३ लाख ६१ हजारांत सव्वा लाखाच्या आसपास. शंभरातले चौतीस.

हे चौतीस राहायचे कुठं? सपाटीला. रेल्वे, गोदी, गोदामं यांच्या अंगाला. डोंगरउतारावर झाडी, बंगले, हवा, आणि गोरे. आपल्याकडं वस्ती वाऱ्याची दिशा बघून गावाबाहेर टाकली, तिथं उंची बघून खाली टाकली. वेस्ट ओकलंड ही त्यातली सगळ्यात जुनी काळी वस्ती. तिथं दुकानं होती, गाण्याबजावण्याचे अड्डे होते, पोर्टरांनी कष्टाच्या पैशानं घेतलेली लाकडी घरं होती. तिच्या मधून दोन मजली हायवे घातला. मग मोठं पोस्ट ऑफिस बांधायचं ठरलं, तेव्हा १९६० साली घरं पाडायला ठेकेदारानं लष्करातला जुना शेर्मन रणगाडा आणला. होय, रणगाडा. घरांच्या ओळीवर तो चालवला. आपल्या झोपडपट्टीवर बुलडोझर येतो तेव्हा आपण म्हणतो हे काय युद्ध आहे का. तिथं तेवढाही आडपडदा ठेवला नव्हता. यातले काही निर्णय वरच्या सरकारचे, काही शहराच्या सभागृहाचे. पण त्या वेळी सभागृहात एकही काळा माणूस बसलेला नव्हता. वस्तीत मतं होती, सभागृहात माणूस नव्हता. हे कसं काय?

इथंच खरी मेख आहे. ती ठोकली गेली होती तीसेक वर्षं आधी.

१९२० नंतरच्या काळात ओकलंडमध्ये कू क्लक्स क्लान जोरात होता. पांढरे झगे घालून काळ्यांना झाडाला लटकवणारी तीच टोळी. दक्षिणेतच होती असं समजू नका. १९२६ साली क्लानच्या पाठिंब्यावर बर्टन बेकर नावाचा इसम तिथल्या काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. पुढं तो लाचखाऊ निघाला आणि अर्ल वॉरन नावाच्या सरकारी वकिलानं त्याच्यावर खटला चालवला. या सगळ्या घाणीला व्यापारी आणि वर्तमानपत्रवाले कंटाळले म्हणे. कारभार स्वच्छ पाहिजे, राजकारण बाहेर पाहिजे. म्हणून शहराची नवी सनद केली, १९३१ पासून ती लागू झाली. त्या सनदेनं कारभाराच्या किल्ल्या निवडून आलेल्या माणसाकडून काढून पगारी सिटी मॅनेजरच्या कमरेला बांधल्या. महापौर सभागृहात एका मताचा धनी, बाकी फिती कापायला. आपल्या मुंबईवाल्याला हे नवं वाटायचं नाही. १८८८ च्या कायद्यापासून मुंबईत कमिशनर राज्य करतो आणि महापौर हार घालून घेतो. १९५९ साली आपले पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले, वस्त्यावस्त्यांतून आपल्या लोकांची छाती फुगली, आणि ते बरोबरच होतं. पण फाइलवर सही कमिशनरचीच लागायची.

दुसरी मेख यापेक्षा बारीक. नगरसेवक भागाभागातून उभे राहायचे, उमेदवार त्या भागात राहणारा पाहिजे, पण त्याला मत द्यायचं अख्ख्या शहरानं. वेस्ट ओकलंडचा नगरसेवक कोण हे वेस्ट ओकलंडनं ठरवायचं नाही, डोंगरावरच्या बंगल्यांनी पण ठरवायचं. आता हिशोब करा. शंभरातले चौतीस. भागवार मतं मोजली असती तर चौतिसांना दोन-तीन नगरसेवक हक्कानं मिळाले असते. अख्ख्या शहराच्या पेटीत टाकली की चौतीस सहासष्टांत बुडाली. मत कुणी हिसकावलं नाही, मतपेटी कुणी फोडली नाही. नुसती रेघ कुठं ओढायची ते ठरवलं.

हे वाचताना आपल्या माणसाच्या पोटात कुठंतरी कळ येणारच. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात बाबासाहेबांना ज्या करारावर सही करावी लागली तो दुसरं काय होता? उमेदवार तुमचा, मत सगळ्यांचं. १९४६ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार प्राथमिक फेरीत आपल्या माणसांच्या मतांवर कितीतरी ठिकाणी पुढं होते. मग सगळ्यांची मतं आली आणि ते आडवे झाले. १९५२ साली उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले आणि नारायण काजरोळकर निवडून आले. ज्यानं घटना लिहिली त्याला लोकसभेचं दार बंद. ओकलंडच्या काळ्यांना पुणे करार माहीत नव्हता. पण गोऱ्या व्यापाऱ्यांना न वाचताच त्याची युक्ती सुचली होती. जगभर वरच्यांची अक्कल एकाच शाळेत शिकते की काय कोण जाणे.

तिसरी मेख तर निव्वळ बेरकीपणाची. नगरसेवक मुदत संपायच्या आधी राजीनामा द्यायचा. रिकाम्या जागी उरलेले नगरसेवक आपला माणूस नेमायचे. पुढच्या निवडणुकीत तो माणूस 'सध्याचे नगरसेवक' म्हणून उभा राहायचा आणि आरामात यायचा. खुद्द रीडिंगही असाच आला. १९६६ साली आधीच्या महापौराला पैशाच्या अफरातफरीपायी पद सोडावं लागलं, तेव्हा सभागृहानं रीडिंगला बसवलं. लोकांनी मत दिलं ते मागाहून. पहिला काळा नगरसेवक जोशुआ रोज १९६४ साली सभागृहात गेला, तोसुद्धा नेमणुकीनंच. माणूस सज्जन, वायएमसीएत आयुष्य घातलेला. पण नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या तोंडाकडं बघूनच बोलतो. अपवाद असतील. मी कमी पाहिले.

एकदाच या किल्ल्याला भगदाड पडलं होतं, आणि ते पाडलं कामगारांनी. मी स्वतः सूतगिरणीत पाळी करतो, म्हणून हा भाग जरा लांबवतो, चालवून घ्या. १९४६ साली ओकलंडच्या दोन कापडचोपडाच्या मोठ्या दुकानांत विक्रीचं काम करणाऱ्या बाया संपावर होत्या. दिवसभर उभं राहायचं, पगार तुटपुंजा, आणि युनियनला मालक ओळख देईना. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला पोलिसांनी स्वतः पहारा देऊन दुकानांत मालाचे ट्रक घातले. संप मोडायला सरकारी बंदोबस्त! ते बघून ट्रामवाल्यांनी ट्रामी जागच्या जागी उभ्या केल्या, बसवाल्यांनी बसा सोडल्या. ३ डिसेंबरपासून अख्खं शहर बंद. लाखावर कामगार बाहेर. दारूच्या दुकानांना फक्त बियर विकायची परवानगी, दुकानातली गाण्याची पेटी फूटपाथवर आणून ठेवायची. लोक भर रस्त्यात नाचत होते. चोपन्न तास चाललं हे. मग वरच्या पुढाऱ्यांनी तडजोड करून संप गुंडाळला. बायांच्या पदरात त्या वेळी काही पडलं नाही.

पण पोलिसांना ट्रकाबरोबर कुणी पाठवलं होतं, हे कामगार विसरले नाहीत. १९४७ च्या वसंतात मुन्शिपाल्टीची निवडणूक आली. युनियननी आणि काळ्यांच्या संघटनांनी एकत्र येऊन पाच उमेदवार दिले. पाचांतले चार आले. ओकलंड ट्रिब्यून पेपरचा मालक जोसेफ नोलंड हा त्या शहराचा खरा धनी, त्याच्या पेपरनं आकाशपाताळ एक केलं होतं, तरी आले. अख्ख्या शहराच्या मतांची पद्धत असूनही आले, कारण या वेळी बेरीज काळ्या-गोऱ्या कामगारांची होती. पण सभागृह नऊ जणांचं. चार विरुद्ध पाच. एक कमी. त्या एका मतापायी गरिबांसाठी घरं बांधायचा प्रश्न रखडत गेला. घरांची भाषा बोलणाऱ्यावर 'लाल' असा शिक्का बसला आणि दोन-तीन निवडणुकांत ती फळी उधळली. सूत तुटलं की गाठ मारून पुन्हा साचा चालू करता येतो. इथं गाठ मारणारा हात सापडला नाही.

आता शाळा. डोंगरावर नवं हायस्कूल बांधलं, स्कायलाइन नाव, १९६१ साली उघडलं. कोणत्या भागातल्या पोरांनी तिथं जायचं याची हद्द शाळा मंडळानं आखली. नकाशावर ती हद्द म्हणजे डोंगराच्या कडेकडेनं गेलेली लांबच लांब चिंधी. खाली सपाटीला तिचा स्पर्शही होऊ दिला नव्हता. काळ्यांना बंदी असं कुठंच लिहिलेलं नाही. लिहायची गरजच काय? शाळा मंडळावर १९५८ पासून एक काळा सदस्य होता, बार्नी हिलबर्न. एकटा. मंडळाची निवडणूकही अख्ख्या शहराच्या मतांवरच. सपाटीच्या शाळांत मोडकी बाकं, कोंबून भरलेले वर्ग, आणि पोरं नापास झाली की म्हणायचं यांच्या डोक्यातच नाही. हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? जिल्हा परिषदेच्या शाळेत, शेवटच्या बाकावर बसून ऐकलंय. १९६६ च्या ऑक्टोबरात आईबापांनी पोरं घरी ठेवून शाळांवर बहिष्कार घातला. त्याच महिन्यात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली.

सुरुवातीचं तुम्हाला माहीत आहे. पोलिसांच्या गाडीमागं कायद्याचं पुस्तक आणि बंदूक घेऊन फिरणं. पण १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये त्यांनी पोरांना सकाळचा फुकट नाश्ता सुरू केला, तेव्हा सरकार जास्त घाबरलं. डिसेंबर १९६९ मध्ये शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी पहाटे अंथरुणातच मारला. एकवीस वर्षांचा होता. ठिकठिकाणी कचेऱ्यांवर छापे, खटले, तुरुंग, आणि आतून फितुरी. अशा वेळी १९७२ साली पक्षानं एक निर्णय घेतला. देशभरातल्या शाखा गुंडाळायच्या, सगळे कार्यकर्ते ओकलंडला बोलवायचे आणि एक शहर जिंकून दाखवायचं. बॉबी सील महापौराला, इलेन ब्राउन नगरसेवकपदाला.

हा निर्णय बरोबर की चूक यावर आजही वाद होतो. शाखा बंद केल्या म्हणजे दुसऱ्या गावच्या वस्त्या उघड्या टाकल्या, हे खरंच आहे. पण प्रचार कसा केला ते बघा. मार्च १९७२ च्या मेळाव्यात किराणा मालाच्या दहा हजार पिशव्या फुकट वाटल्या, आत कोंबडीसुद्धा. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार काळ्यांत जास्त, आपल्या विदर्भातल्या माणसांना त्याची ओळख आहे, त्याची तपासणी तिथंच. आणि बाजूच्याच टेबलावर मतदार म्हणून नाव नोंदवायची सोय. म्हाताऱ्यांना पेन्शनचा चेक वटवून आणताना वाटेत लुटायचे, तर पँथरची पोरं सोबत जायची. जाहीरनाम्यातही हवेतल्या बाता नव्हत्या. ओकलंडचं बंदर करोडो कमावतं, त्याचा कारभार नेमलेल्या मंडळाकडं, शहराच्या गरिबाला त्यातलं काय? त्यातून घरं, दवाखाने, शाळा करा. हे बॉबी सील सांगत होता. बंदर शहराच्या जमिनीवर आणि गोदीतला हमाल भाड्याच्या खोलीत, हा सवाल त्यानं सभेसभेत टाकला.

१७ एप्रिलच्या पहिल्या फेरीत नऊ उमेदवार होते. दुसरा एक काळा उमेदवारही होता, तिथंही मतं फुटलीच. तरी सील दुसरा आला आणि रीडिंगला शेवटच्या फेरीत ओढलं. मे मधे काय झालं ते वर सांगितलंय. डोंगर एकगठ्ठा खाली उतरून मतदान करून गेला. इलेन ब्राउनही पडली.

आणि आपल्याकडं? ओकलंडच्या निकालाला आठ महिने झाले नव्हते. जानेवारी १९७४. मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक. रिपब्लिकन पुढारी गटागटांनी वाटले गेलेले, गावोगाव आपल्या माणसांवर अत्याचार चालू, आणि मतं मागायला सगळे हजर. दलित पँथरनं सांगितलं, बहिष्कार. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या मैदानात सभा झाली, सभेवर दगड आले, मग पोलिसांच्या लाठ्या आणि गोळ्या. १० जानेवारीला निषेधाच्या मोर्चावर वरून पाटा टाकला, भागवत जाधव गेला. मत न देण्याचासुद्धा परिणाम झाला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे आल्या.

एक पँथर मत मागत होता, एक पँथर मत नाकारत होता. कुणी म्हणेल, यातला खरा पँथर कोणता? मला हा प्रश्नच पटत नाही. बहिष्कारानं आपण दाखवलं की आमच्याशिवाय तुमची बेरीज होत नाही. ते दाखवणं गरजेचं होतं, त्याची किंमत रक्तानं मोजली. पण बहिष्काराच्या दुसऱ्या दिवशी नळाला पाणी सोडणारा, शाळेची हद्द आखणारा, झोपडीला नोटीस काढणारा तोच राहतो. ओकलंडवाल्यांनी पडून का होईना, त्या खुर्चीला हात घातला. माझं मत त्यांच्या बाजूनं थोडं झुकतं, हे मी लपवत नाही. वरळीत ज्यांनी दगड खाल्ले त्यांनी मला खोडून काढावं, मी ऐकेन.

पुढचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही आरती होईल. पडल्यावर पक्षातली माणसं गळाली. नोव्हेंबर १९७३ मध्ये ओकलंडच्या शाळांचा काळा मुख्याधिकारी मार्कस फॉस्टर याला क्रांतीच्या बाता मारणाऱ्या एका चिमूटभर टोळीनं गोळ्या घातल्या. ते पँथर नव्हते. पण माणसांत न राहता नुसती बंदूक हातात धरली की ती कुणावर रोखली जाते, ते त्या दिवशी दिसलं. न्यूटन खुनाच्या आरोपात १९७४ साली क्युबाला पळाला, त्याची पक्षावरची दादागिरी, व्यसनं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सीलनं त्याच वर्षी पक्ष सोडला. मग पक्ष चालवला इलेन ब्राउननं. बाईनं. १९७५ ला ती पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. पण १९७३ ला नोंदवलेली मतदारांची नावं यादीतून पुसली गेली नव्हती. १९७७ साली लायनेल विल्सन नावाचा काळा न्यायाधीश महापौरपदाला उभा राहिला, पँथरांनी वस्त्या पिंजून काढल्या आणि तो निवडून आला. ओकलंडचा पहिला काळा महापौर. १९८० साली सनदेत दुरुस्ती होऊन नगरसेवक भागवार मतांनी निवडायचं ठरलं. पन्नास वर्षांची मेख निघाली.

आणि निघते न निघते तोवर बाकीचं घर पोखरलेलं. १९७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात 'प्रपोझिशन १३' मंजूर झालं. घरपट्टीवर कायमची मर्यादा. मालमत्तावाल्यांनी मतदान करून आपला कर बांधून घेतला. विल्सनला खुर्चीत बसून पुरतं वर्षही झालं नव्हतं, तोवर मुन्शिपाल्टीचा आणि शाळांचा खजिना आटला. कारखाने आधीच बाहेर जायला लागले होते, बंदरात कंटेनर आले आणि हमाल घटले. आपल्याकडं गिरण्या गेल्या आणि टॉवर आले, त्याच जातीचा खेळ. सिटी मॅनेजरचा कारभार चालूच होता. विल्सन आणि त्याच्यामागून एलिहू हॅरिस, असे वीस-बावीस वर्षं काळे महापौर त्या पद्धतीत बसले. १९९८ साली जेरी ब्राउन निवडून आला, गोरा, राज्याचा माजी गव्हर्नर. त्याच वर्षी मतदारांनी सनद बदलून महापौराला खरे अधिकार दिले. हा योगायोग असेल. मला असे योगायोग मोजायची सवय लागलीय.

शाळांचंही तेच. २००३ साली शाळांचा हिशोब तुटीत गेला, राज्यानं १० कोटी डॉलरचं कर्ज दिलं आणि बदल्यात लोकांनी निवडलेल्या शाळा मंडळाचे अधिकार काढून आपला प्रशासक बसवला. २००९ ला अधिकार परत आले. प्रशासक म्हणजे काय हे आपल्याला आता समजावून सांगायला नको. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं कितीतरी काळ नगरसेवकाशिवाय कारभार चालला. २०१७ च्या निवडणुकीत मुंबई सोडून बाकी महापालिकांत चार-चार नगरसेवकांचे प्रभाग केले. चार भाग एकत्र बांधले की आपली वस्ती पुन्हा मोठ्या आकड्यात विरघळते. ओकलंडच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल.

ओकलंडमध्ये २०२० साली मतदारांनी ठरवलं की शाळा मंडळासाठी सोळा वर्षांच्या पोरापोरींनीही मत द्यावं. नोव्हेंबर २०२४ ला त्यांनी पहिल्यांदा दिलं. स्कायलाइनची हद्द आखताना कुणी पोरांना विचारलं नव्हतं. त्याच नोव्हेंबरात तिथल्या महापौर बाईंना मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावलं, आणि १५ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत बार्बरा ली महापौर म्हणून निवडून आल्या. काळ्या, ७८ वर्षांच्या. २००१ साली अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात युद्धाच्या अधिकाराविरुद्ध मत देणाऱ्या त्या एकट्याच. १९७३ साली ओकलंडच्याच एका कॉलेजात शिकत होत्या, आणि बॉबी सीलच्या प्रचारात राबत होत्या.

त्यांच्या हाती आला तो तुटीचा खजिना. आणि शंभरातले ते चौतीसही आता राहिलेले नाहीत. २०२० च्या जनगणनेत शहरातले काळे चौथ्या हिश्शाच्याही खाली आलेत. वेस्ट ओकलंडची घरभाडी त्यांना परवडेनात. कितीतरी कुटुंबं अँटिऑक, स्टॉकटन अशा लांबच्या गावांना गेली, गिरणगावातली विरार-बदलापूरला गेली तशी.